वाचकांचे प्रश्न : भगवानदादांची कमाई कुठे गेली?

मागील अंकात 'अलबेला' या १९५१ च्या चित्रपटावर आणि त्याचे नायक, निर्माते व दिग्दर्शक भगवान आभाजी पालव, म्हणजे आपल्या सर्वांचे भगवानदादा, यांच्यावर एक छोटे टिपण आले होते. त्यावर आलेली पत्रे इतकी आहेत की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. ज्या माणसाच्या नाचावर मुंबईतल्या तीन पिढ्या गणपतीच्या मिरवणुकीत नाचल्या, तो माणूस अखेरची वर्षे दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत का राहिला, हे वाचकांना समजून घ्यायचे आहे. तो प्रश्न माझ्याही मनात फार वर्षांपासून आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे आणि इतर काही प्रश्नांची थोडक्यात.

प्रश्न : माझे आजोबा सुटीच्या दिवशी 'मास्टर भगवान'चे मारधाडीचे चित्रपट पाहायला जात असत, असे ते सांगायचे. तुमच्या टिपणात मात्र भगवानदादा विनोदी नट म्हणून आले आहेत. हे दोघे एकच काय? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : होय, एकच. भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील कापड गिरणीत कामगार होते, स्वतः त्यांनीही अंगमेहनतीची कामे केली, आणि मूकपटांचा जमाना सरत आला असताना ते पडद्यावर आले. व्यायामाने कमावलेले शरीर असल्याने मारधाडीचे चित्रपट त्यांच्याकडे आपसूक आले. १९३८ मध्ये त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासह 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला आणि त्यानंतरची दहा-अकरा वर्षे ते थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत तयार होणारे स्टंटपट काढत राहिले. कलाकारांच्या जेवणाची व्यवस्था आणि त्यांचे कपडे यांकडेही ते स्वतःच पाहत. १९४१ मध्ये त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही केला. १९४२ मध्ये 'जागृती पिक्चर्स' ही संस्था आणि १९४७ मध्ये चेंबूरला 'जागृती स्टुडिओ' उभा राहिला. आपल्या आजोबांनी पाहिलेले चित्रपट याच काळातले असणार.

या स्टंटपटांचा प्रेक्षक पिटात, म्हणजे पडद्याजवळच्या सर्वांत स्वस्त जागेत, बसणारा होता. त्यांना प्रतिष्ठा नव्हती, पण त्यांचा हिशेब साधा होता. खर्च कमी असल्याने एखादा चित्रपट पडला तरी पुढच्या चित्रपटाला हात घालता येत असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळे याच ठिकाणी बिघडले.

प्रश्न : 'भोली सूरत दिल के खोटे' हे गाणे लागले की आमच्या सोसायटीतली साठीची माणसेही नाचू लागतात. ठेंगणा, जाडसर, नायकासारखा न दिसणारा माणूस इतका लोकप्रिय नायक कसा झाला? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : स्टंटपटांतून बाहेर पडून एखादा सामाजिक चित्रपट काढावा, असे राज कपूर यांनी त्यांना सुचवले, आणि त्यातून 'अलबेला' झाला. नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत सी. रामचंद्र यांचे. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, हे भगवानदादांचे जुने सोबती. 'वनमोहिनी'चे संगीत त्यांचेच होते आणि हिंदीत संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी भगवानदादांच्याच 'सुखी जीवन'मध्ये १९४२ साली मिळाली होती. 'अलबेला'त भगवानदादांचा गाता आवाजही चितळकरांचाच आहे. दोन मित्रांपैकी एकाने गायचे आणि दुसऱ्याने नाचायचे, अशी ही जोडी होती. संगीताची मांडणी करण्यात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा हात होता, आणि त्यामुळे 'शोला जो भडके' ऐकताना भेंडीबाजारापासून ताजमहाल हॉटेलपर्यंतची सगळी मुंबई एकाच गाण्यात वाजते आहे असे मला नेहमी वाटते.

कथेकडेही पाहावे. नायक प्यारेलाल हा गरीब घरातला, नाटकाची स्वप्ने पाहणारा मुलगा. बहिणीच्या लग्नासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाने ठरावीक रक्कम आणायची असते. त्याला ती जमत नाही, नोकरीही जाते, वडील बोलतात आणि तो घर सोडतो. रंगभूमीवर नाव आणि पैसा मिळवून परत येतो तेव्हा आई गेलेली असते, घर विस्कटलेले असते आणि त्याने नेमाने पाठवलेले पैसे घरी पोहोचलेलेच नसतात. मनीऑर्डर हा शब्द ज्या वस्तीत रोज उच्चारला जात होता, त्या वस्तीतल्या प्रेक्षकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नव्हती. कोकणात आणि घाटावर पैसे पाठवणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या पोटात हीच भीती होती.

आता नाचाविषयी. माझे मामा लालबागच्या चाळीत राहत आणि एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, कामाला होते. अनंत चतुर्दशीला बँडवाल्यांनी 'भोली सूरत'ची पहिली ओळ धरली की ते गर्दीतून पुढे येत. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल उचलण्याऐवजी जमिनीवरून सरकवलेले, कोपर अंगाजवळ आणि मनगटापासून दोन्ही हात सैल सोडून तालावर हलवलेले, खांदे एकाआड एक पुढे, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळे आपोआप घडते आहे. उडी नाही, गिरकी नाही, दम लागावा असे काहीच नाही. पाळीभर साच्यांपुढे उभा राहिलेला मनुष्यही हा नाच करू शकत होता, आणि मागे चाळीस माणसे असली तरी कोणाच्या पायावर पाय पडत नव्हता. भगवानदादांनी नाच सोपा केला, असे लोक म्हणतात. मला वाटते, गर्दीत नाचता येईल असा नाच या गर्दीच्या शहराला त्यांनी दिला. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या उंचापुऱ्या नटाच्या नाचातही तीच सावकाश सरकणारी पावले दिसतात. देखणेपणाची अट या नाचाला नव्हती, आणि ठेंगणा नायक लोकांना आपला वाटला तो यामुळेच.

प्रश्न : माझे वडील म्हणतात की भगवानदादांनी जुहूला २५ खोल्यांचा बंगला घेतला, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी एक अशा सात मोटारी ठेवल्या आणि उधळपट्टीने स्वतःचे वाटोळे करून घेतले. त्यांच्या जीवनावरचा 'एक अलबेला' हा २०१६ चा मराठी चित्रपट पाहिल्यापासून आमच्या घरात यावर वाद चालू आहे. खरे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बंगला होता आणि मोटारीही होत्या. ते सगळे विकावे लागले आणि ते दादरच्या चाळीत परतले, हेही खरे. पण मोटारींवरच्या खर्चाने निर्माता बुडतो, हे मला पटत नाही. आपल्या वडिलांचा मान राखून मी त्यांच्याशी असहमत आहे, आणि कारणे सांगतो.

सात मोटारींची गोष्ट ऐकायला बरी वाटते, कारण तिच्यात केलेल्या चुकीला शिक्षा मिळते. गिरणी कामगाराचा मुलगा हवेत उडाला आणि खाली आपटला, असे म्हटले की ऐकणाऱ्याला काही विचार करावा लागत नाही. मग त्या काळी चित्रपटाला पैसा कुठून येत असे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या काळी बँका चित्रपटाला कर्ज देत नसत. चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा मिळाला तो १९९८ मध्ये, म्हणजे 'अलबेला'नंतर तब्बल ४७ वर्षांनी. तोवर निर्मात्याला दोनच दारे होती. एक वितरकाचे. मुंबई, पंजाब, बंगाल, निजाम, दक्षिण अशा टेरिटरी, म्हणजे वितरणाचे विभाग, पाडलेल्या असत, आणि प्रत्येक टेरिटरीचा वितरक चित्रपटाचे हक्क घेऊन ठरलेली रक्कम चित्रीकरण पुढे सरकेल तशी हप्त्याने देत असे. दुसरे दार फायनान्सरचे, म्हणजे सरळ सावकाराचे. हुंडीवर, म्हणजे परतफेडीच्या लेखी वचनावर, पैसा, जबर व्याज आणि तारण म्हणून चित्रपटाची निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून प्रिंट निघतात ती मूळ फिल्म. तेवढ्याने भागले नाही तर घर, स्टुडिओ, घरातल्या बायकांचे दागिने. चित्रीकरण लांबले की सेट उभा असतो, त्याचे भाडे चढते, नटनटींच्या तारखा निसटतात, वितरकाचा पुढचा हप्ता अडतो आणि व्याज मात्र रोज चालू राहते. चित्रपट पूर्ण झाला तरी लॅबोरेटरीचे बिल आणि फायनान्सरचे देणे फिटल्याशिवाय प्रिंट बाहेर पडत नसे. तिकीटखिडकीवर जमा होणाऱ्या रकमेतून आधी करमणूक कर, मग चित्रपटगृहाचा वाटा, मग वितरकाची गुंतवणूक आणि त्याचे कमिशन वजा होई. त्यानंतर उरले तर त्याला या धंद्यात 'ओव्हरफ्लो' म्हणतात, आणि निर्मात्याच्या हाती पडायचे ते तेच.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. भारत सरकारने १९४९ मध्ये मुंबईचे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली होती आणि तिचा अहवाल १९५१ मध्ये, म्हणजे 'अलबेला'च्याच वर्षी आला. खासगी फायनान्सरांची पकड, नटनटींचे चढते मानधन आणि अपुऱ्या भांडवलावर उभे राहणारे निर्माते यांविषयी समितीने स्पष्ट लिहिले आणि चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ स्थापन करावे अशी शिफारस केली. ते महामंडळ, म्हणजे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, स्थापन व्हायला १९६० साल उजाडले. रोग कागदावर नोंदला गेला आणि औषध यायला नऊ वर्षे लागली. याच नऊ वर्षांत भगवानदादांची घसरण झाली, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत दुःखद आहे.

'अलबेला' चालल्यावर त्यांनी काय केले ते पाहावे. गीता बाली आणि सी. रामचंद्र यांनाच घेऊन १९५३ मध्ये 'झमेला' काढला. तो 'अलबेला'सारखा चालला नाही. १९५६ मध्ये किशोरकुमार यांना नायक घेऊन 'भागमभाग' दिग्दर्शित केला. १९६६ मध्ये 'लाबेला' आला, तोही चालला नाही. स्टंटपटांच्या दिवसांत पडलेला चित्रपट त्यांना परवडत होता, कारण त्यात पैसाच थोडा अडकलेला असे. सामाजिक चित्रपटाला मोठी नायिका, भरपूर वाद्यवृंद, झगमगीत सेट आणि परिणामी मोठे कर्ज लागत होते. कामाची रीत मात्र जुनीच होती, सगळे स्वतः करायचे आणि सगळ्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यायची. आजचा निर्माता कंपनी काढतो, कंपनी बुडाली तरी त्याचे राहते घर सहसा शाबूत राहते. भगवानदादांच्या बाबतीत कंपनी आणि माणूस यांत भिंतच नव्हती. चित्रपट पडला की थेट घरच जात असे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला बोचते. आपल्याकडे विनोदी नटाचे भांडवल म्हणजे त्याचा चेहरा आणि त्याची लकब. नायक उतारवयात बाप होतो, न्यायाधीश होतो, पोलीस अधिकारी होतो. लकब मात्र नटाबरोबर म्हातारी होते आणि तिला दुसरी भूमिका मिळत नाही. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी' यांसारख्या चित्रपटांत भगवानदादांना निदान थोडे तरी काम होते. पुढे पुढे त्यांना गाण्यात चार पावले टाकण्यासाठी बोलावले जाई आणि काम तेवढ्यावर संपे. एके काळी चेंबूरला ज्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, त्यांनी दुसऱ्याच्या स्टुडिओत दिवसाच्या पैशांवर उभे राहावे, यात त्यांना कमीपणा वाटला असेल की नाही हे मी ठरवणार नाही. त्यांनी काम नाकारले नाही एवढे मात्र पडद्यावर दिसते, आणि त्या चार पावलांतही ते अंग चोरत नाहीत.

तेव्हा आपल्या वडिलांना एवढेच सांगावे की मोटारी सात असोत वा एक, वसुलीला आलेल्या माणसाने त्या नेल्याच असत्या.

प्रश्न : अभिनेत्री ललिता पवार यांचा डोळा भगवानदादांच्या थपडेने अधू झाला, हे खरे आहे का? खरे असेल तर आपण त्यांचे इतके गोडवे का गातो? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : खरे आहे, आणि आपला प्रश्न रास्त आहे. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात भगवानदादांनी ललिताबाईंना थप्पड मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला. उपचार सुमारे तीन वर्षे चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. तोवर त्या नायिकेच्या भूमिका करीत होत्या. त्या भूमिका थांबल्या.

हा किस्सा अनेक ठिकाणी हसत सांगितला जातो, आणि त्याला पुढे जोडले जाते की त्या बारीक डोळ्यामुळेच आपल्याला अशी खाष्ट सासू मिळाली. ही वाक्ये मला सहन होत नाहीत. ललिताबाईंनी 'श्री ४२०'मधली केळेवाली आणि 'अनाडी'तली मिसेस डिसा उभी केली, 'अनाडी'साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळवला आणि दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा केली, ते त्यांच्या स्वतःच्या कर्तबगारीवर. त्या थपडेचे त्यावर काहीही ऋण नाही. भगवानदादांचा हेतू वाईट नव्हता, पण हेतूने दुखापत भरून येत नाही. मारधाडपटांच्या त्या वातावरणात हात राखून मारण्याची शिस्त नव्हती आणि इजा झालेल्या नटीला भरपाई देण्याची रीत नव्हती. भगवानदादांची कैफियत मांडताना ललिताबाईंची बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून आपला प्रश्न मुद्दाम घेतला.

प्रश्न : दर गणेशोत्सवात आणि दर लग्नाच्या वरातीत ही गाणी वाजतात. मग भगवानदादांना रॉयल्टी का मिळत नव्हती? (एक विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : कायद्याच्या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या की उत्तर मिळते.

चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे गीतकार आणि संगीतकारांचे हात रिकामे राहिले. 'अलबेला'चे निर्माते स्वतः भगवानदादाच होते, तेव्हा त्यांना काही मिळायला हवे होते असे वाटेल. पण निर्मात्याचा हक्क ही विकता येणारी, गहाण टाकता येणारी वस्तू आहे. अडचणीत आलेला निर्माता सर्वांत आधी जुन्या चित्रपटांचे हक्कच बाजारात काढतो, कारण तेवढ्याच वस्तूला गिऱ्हाईक असते, आणि एकदा एकरकमी पैसे घेऊन सही केली की पुढे गाणे पन्नास वर्षे वाजले तरी त्यातला पैसा परत दारी येत नाही.

नट म्हणून म्हणाल, तर कलावंताच्या सादरीकरणाला हक्क म्हणून मान्यता मिळाली ती कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने, आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत सोडता न येणारा वाटा मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. भगवानदादा ४ फेब्रुवारी २००२ रोजी वारले. नाचाचे तर विचारूच नये. नृत्यरचना स्वतंत्रपणे लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवून ठेवलेली असेल तरच तिला संरक्षण मिळते, आणि चित्रपट ही त्या व्याख्येतून वगळलेली गोष्ट आहे. मनगटे सैल सोडून पाऊल सरकवण्याची ती लकब कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नव्हती.

तिसरी गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत वाजवलेल्या संगीताला कॉपीराइट कायद्याने सूट दिलेली आहे. ही सूट मला योग्यच वाटते, वरातीतल्या बँडवाल्याकडे पावती मागणारा कोणी नसावा. पण त्याचा परिणाम असा, की भगवानदादांचा नाच ज्या दोन ठिकाणी सर्वांत अधिक जगला, नेमक्या त्याच दोन ठिकाणांहून कोणालाही एक पैसा येत नाही. मिरवणुका त्यांच्या चाळीजवळ थांबत आणि तरुण मुले त्यांच्यासाठी नाचत, ही त्यांची मिळकत होती, आणि तिची किंमत त्यांना नक्की कळत असणार. दुकानातले बिल मात्र तिच्याने भागत नाही.

प्रश्न : दादा कोंडके हेही गिरणगावातले आणि विनोदी नट. त्यांची अशी वाताहत कशी झाली नाही? (एक वाचक, नायगाव)

उत्तर : आपल्याच नायगावात, गिरणी कामगाराच्या घरात त्यांचा जन्म झाला. 'सोंगाड्या'पासून, म्हणजे १९७१ पासून, त्यांनी स्वतःचे चित्रपट स्वतः काढले, पण खर्च मराठी चित्रपटाच्या आवाक्यात ठेवला आणि प्रेक्षक कोण आहे हे कधी विसरले नाहीत. त्यांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. त्यातच सत्तरच्या दशकात राज्य सरकारने मराठी चित्रपटांना करमणूक कर परत देण्याची योजना आणली, तो आधार भगवानदादांच्या हिंदी चित्रपटांना कधी नव्हता. तुलना करायचीच तर काळ आणि बाजार या दोन्हींची करावी, स्वभावांची करू नये.

प्रश्न : भगवानदादांचे स्टंटपट कुठे पाहायला मिळतील? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्यांतले बहुतेक आता पाहायला मिळत नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती आपोआप कुजते, झटकन पेट घेते, आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठी जुन्या रिळांची रद्दीही होत असे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तोवर स्टंटपट जपून ठेवावेत असे कोणाला वाटलेच नव्हते. पुढे २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत अनेक नायट्रेट प्रिंट जळाल्या. 'अलबेला' मात्र सहज मिळतो. आजोबांच्या आठवणी सांगणाऱ्या लालबागच्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या लिहून पाठवाव्यात, कारण काही चित्रपटांच्या बाबतीत आता तेवढेच शिल्लक आहे.

प्रश्न : माझे वडील चाळीस वर्षे ऑर्केस्ट्रात विनोदी निवेदन आणि नकला करीत असत. आता ते ७४ वर्षांचे आहेत, कामे बंद आहेत आणि औषधांचा खर्च वाढतो आहे. तुमचे टिपण वाचून ते दिवसभर गप्प होते. त्यांच्यासाठी काय करता येईल? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि ते टिपण आपल्या वडिलांच्या हाती असे पडले याचे मला वाईट वाटले. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देणारी योजना १९५४-५५ पासून चालू आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून मानधन सरसकट ५,००० रुपये आहे. ही रक्कम पुरेशी नाही, पण औषधाचा काही भार हलका होईल. अर्जात मुख्य अडचण येते ती पुराव्याची. ऑर्केस्ट्राच्या कलावंताकडे करारपत्र नसते, नेमणुकीचा कागद नसतो, पैसे पाकिटात घालून दिलेले असतात.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक काम करावे. वडिलांबरोबर बसून कपाटावरची, पलंगाखालची सगळी बोचकी उघडावीत. कार्यक्रमांच्या जाहिराती, मंडळांची निमंत्रणपत्रे, ज्यांवर त्यांचे नाव छापले आहे अशी हँडबिले, वर्तमानपत्रातली कात्रणे, मंचावरचे फोटो, सत्काराची मानपत्रे, जे निघेल ते वर्षांप्रमाणे लावावे आणि फोटोंच्या मागे गाव, मंडळ आणि साल त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. ज्या मंडळांत त्यांनी कार्यक्रम केले त्यांचे जुने पदाधिकारी हयात असतील तर त्यांच्याकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्याव्यात. यातले काही अडले तर या सदराच्या पत्त्यावर पुन्हा लिहावे, आणि वडिलांना एखादी नकल आठवत असेल तर ती फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी, अर्जासाठी तिचा उपयोग नसला तरीही.